लसीच्या वर्षीचा हरभरा

परवा वरवट बकालच्या आठवडी बाजारात ओल्या हरभऱ्याच्या जुड्या दिसल्या. मुळांना अजून काळी माती चिकटलेली, घाटे टपोरे भरलेले, आणि पाल्यावरून हात फिरवला की बोटांना ती आंबट, चिकट आंब. मी दोन जुड्या घेतल्या आणि बस येईपर्यंत स्टँडवर उभ्याउभ्याच घाटे फोडून खायला लागले. शाळेतल्या मॅडमनं रस्त्यात असं खाणं बरं दिसत नाही हे मला कळतं. समोरून दोन विद्यार्थिनी गेल्या, त्यांनी तोंडावर हात धरून हसून घेतलं. हसू देत. हरभऱ्याला घाटे भरले की माझी चाल बदलते, पदर जरा जास्त ठसक्यात खोचला जातो. कुठलीतरी मोठी लढाई जिंकून आलेल्या बाईसारखी मी या दिवसांत गावातून फिरते. आणि खरं सांगायचं तर तशी मी आहेच.

आमचा हा सगळा खारपाण पट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, चहा केला तर दूध फाटायची भीती. पण पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर इथला हरभरा असा येतो की ज्याचं नाव ते. भल्या पहाटे बाया वावरात जाऊन झाडांवर पांढरं फडकं पसरतात आणि दवात भिजलं की पिळून आंब काढून ठेवतात. पोट दुखलं की ती चमचाभर. दुपारी तुरीच्या सोल्यांची भाजी, हरभऱ्याच्या पाल्याचा कांदा-मिरची घालून घोळणा, ज्वारीची भाकर. माझं माहेर साखरखेर्ड्याचं, तिथं बोलणं जरा मराठवाड्याकडं झुकतं. इथं आले तेव्हा ‘का’ला ‘काऊन’ आणि ‘जातोय’ला ‘जाऊन राह्यलो’ ऐकून मला हसू यायचं. आता माझ्याच तोंडातून कधीतरी ‘काऊन बे’ निघून जातं आणि वर्ग खूश होतो.

पण या हंगामाची माझी पहिली आठवण जिंकल्याची नाही, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

तेव्हा मी नोकरीत नव्हते, याच भागात सासरी होते. लग्नाला वर्ष झालेलं आणि तिसरा महिना लागलेला. अंगणात सोंगलेल्या हरभऱ्याचा ढीग होता. गल्लीतल्या दोन-चार मुलांना अंगावर बारीक पुरळ आलं होतं, आणि त्यातलं एक रोज माझ्या मांडीवर येऊन ढिगातले हिरवे राहिलेले घाटे खायचं. एका सकाळी माझ्याही तोंडावर गुलाबी पुरळ उठलं, संध्याकाळपर्यंत पाठीवर उतरलं. किंचित कणकण. कानांच्या मागे बोराएवढ्या गाठी. सासूबाई म्हणाल्या, “उष्णता झाली असन, धन्याचं पानी पे.” मी धन्याचं पाणी प्याले. तिसऱ्या दिवशी सगळं मावळलं आणि मी विसरूनही गेले. इतकं साधं दुखणं. सर्दीचासुद्धा त्याहून जास्त त्रास होतो.

ओवी जन्मली तेव्हा पावसाळा सरत आला होता. दोन महिन्यांची असताना तिच्या दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांत पांढरट काहीतरी दिसलं. अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात तिचे डोळे पाहिले, आणि तिच्याकडे पाहतापाहताच मला विचारलं, “बाई, दिवस राहिल्यावर पहिल्या तीन महिन्यांत तुमच्या अंगावर पुरळ आलं होतं का?” मला वाटलं, यांना कसं कळलं. मी हो म्हणाले. बॅटरी बंद करून ते म्हणाले, “डोळ्यांचं ऑपरेशन करू, दिसेल तिला. पण कान आणि हृदयही तपासून घ्या.” हृदय ठीक निघालं. कान नाही. दोन्ही कानांनी तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं.

जर्मन गोवर. रुबेला. त्या आजाराचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मुलांना आला तर तीन दिवसांचा पाहुणा. पोटुशी बाईला सुरुवातीच्या महिन्यांत आला तर तो बाईला काही करत नाही, पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय यांपर्यंत जाऊन पोहोचतो. आणि लहानपणी एक लस मिळाली असती तर तो माझ्या दारातूनच परत गेला असता.

घरी मात्र कारण वेगळं ठरलं. “गिराणात वांगं चिरलं होतं तिनं,” सासूबाई येईल त्याला सांगत. सहाव्या महिन्यात ग्रहण होतं आणि मी खरोखरच वांगं चिरलं होतं. मी कधीच खोडून काढलं नाही. ग्रहण म्हटलं की विषय आकाशात जातो, त्याला कोण काय करणार. पण ‘एका सुईनं टळलं असतं’ हे वाक्य उच्चारायची माझी छाती नव्हती. ते उच्चारलं असतं तर रोज उच्चारावं लागलं असतं, निदान मनात. ओवीच्या बाबांना खरं ठाऊक होतं. तेही बोलत नसत. आम्ही दोघं मिळून ग्रहणाच्या आडोशाला राहत होतो म्हणा ना.

ओवी दीड वर्षाची असताना मला नोकरी लागली आणि वरवट बकालच्या पुढच्या एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर नेमणूक झाली. पहिली ते आठवी. जाड भिंगाचा चष्मा लावणारी, हातवाऱ्यांनी बोलणारी माझी मुलगी त्याच शाळेत पहिलीत आली, दुसरीत गेली, नेहमी पहिल्या बाकावर, बोलणाऱ्याचे ओठ दिसावेत म्हणून. गावानं तिला फार लवकर आपलं केलं. पोरांनी तर तिच्याकडून खुणा शिकून घेतल्या आणि माझ्या तासाला माझ्या पाठीमागे त्या खुणांनी गप्पा मारायला सुरुवात केली.

आणि मग ते वर्ष आलं. ओवी दुसरीत होती. सगळ्या शाळांमधून मुलांना गोवर आणि रुबेलाची लस द्यायचं ठरलं. मुख्याध्यापकांनी पत्र वाचून दाखवलं तेव्हा माझ्या हातात खडू होता. तो मी किती वेळ नुसताच धरून होते कोण जाणे. सात-आठ वर्षांपूर्वी अकोल्याच्या त्या खोलीत ऐकलेला शब्द सरकारी कागदावर छापून माझ्या शाळेत आला होता, आणि आता तो नुसता शब्द नव्हता. लसीचा बॉक्स येणार होता, सिस्टर येणार होत्या, आमच्या मुलींच्या दंडात ती सुई जाणार होती. मला वाटलं, आता काही प्रश्नच नाही.

आठ दिवसांत मोबाइलवर निरोप फिरायला लागले. या सुईनं मुलींना पुढं मूल होत नाही. कुठल्याशा गावात पोरं रांगेनं बेशुद्ध पडली. कुठलं गाव ते कुणाला सांगता येत नव्हतं, पण निरोप मात्र सगळ्यांकडे होता. पालकांच्या सहीसाठी दिलेले कागद कोरेच परत यायला लागले. काही तर आलेच नाहीत, त्यांची विमानं होऊन शाळेच्या पटांगणात पडलेली मी उचलली.

लसीच्या आदल्या दिवशी पालकांची सभा घेतली. थंडीतलं दुपारचं ऊन, व्हरांड्यात सतरंजी, पाठीमागे शाळेच्या कुंपणाला लागून हिरवागार हरभरा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सिस्टरनी समजावून सांगितलं. लोक ऐकत होते, पण चेहरे बंद होते. गजाननभाऊ भिंतीला टेकून बसले होते. मिरची-वांगी लावणारा कष्टाळू माणूस, आठवीतल्या दुर्गाचे वडील, आणि गावात त्यांचा शब्द मानणारे बरेच. ते शांतपणे म्हणाले, “सिस्टर, तुमी नोकरी करून राह्यल्या, तुमाले सांगाच लागते. पन पोरी आमच्या हायेत.”

सभेत हूं-हूं झाली. तेव्हा रजियाभाभी उठल्या. शाळेजवळ त्यांचं बांगड्यांचं दुकान, दोन मुली आमच्याकडे. डोक्यावरची ओढणी सारखी करत त्यांनी मलाच विचारलं, “मॅडम, एक गोष्ट इचारू काय? तुमच्या पोरीले बी देनार काय हे इंजेक्शन?”

“सगळ्यात आधी तिलाच,” मी म्हणाले.

तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण तोंड उघडलं होतं, आणि जे आठ वर्षं अडलं होतं ते बाहेर आलं. मी सांगितलं, ओवीला ऐकू का येत नाही. ग्रहण नाही, वांगं नाही. हरभऱ्याच्या दिवसांतलं तीन दिवसांचं पुरळ. डॉक्टरांनी काय विचारलं ते सांगितलं. हेही सांगितलं की माझ्या वेळी शाळेत असा बॉक्स घेऊन कुणी आलं नव्हतं. ओवी त्या वेळी पायऱ्यांवर बसून पाटीवर चित्र काढत होती. सगळी सभा तिच्याकडे पाहायला लागली तेव्हा मला एकदम वाटलं, मी हे काय केलं. माझ्या पोरीला मी उदाहरण करून ठेवलं. ती कुणाची शिक्षा नव्हती की कुणासाठी इशारा नव्हती. वर्गात सगळ्यांत सुंदर अक्षर तिचं होतं, आट्यापाट्यांत ती भल्याभल्यांना चुकवायची. हे सगळं मी आधी बोलायला हवं होतं.

ओवीनं मान वर केली. एवढी माणसं आपल्याकडे पाहताहेत म्हटल्यावर तिनं पाटी उलटी करून आपलं चित्र सगळ्यांना दाखवलं. बकरी होती. चांगली होती. रजियाभाभी हसल्या, मग बाकीचे हसले. भाभींनी तिथंच कागद मागून घेतला आणि सही केली. त्यांच्यामागे आणखी काही जणींनी. गजाननभाऊ सही न करता उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर निळा बॉक्स घेऊन आल्या. रांग लागली पण कुणी पुढं सरकेना. पोरं एकमेकांच्या मागे लपत होती, एक-दोघं आधीच रडायला लागली होती. मी ओवीला खुणेनं बोलावलं. ती आली, स्वेटरची बाही स्वतःच वर केली आणि स्टुलावर बसली. तिला भीती नव्हती, कारण गावभर फिरलेली अफवा तिच्या कानांपर्यंत पोहोचलीच नव्हती. सुई टोचली तेव्हा तिनं तोंड वाकडं केलं, एवढंच. सिस्टरनी तिच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर पेननं खूण केली. ओवीनं तो अंगठा रांगेसमोर असा धरला, जणू बक्षीस मिळालंय. झालं. प्रत्येकाला नखावर ती खूण हवीशी झाली. दुपारपर्यंत पटांगणात अंगठे मिरवत पोरं हिंडत होती, आणि कोण किती कमी रडलं यावर भांडणं चालली होती.

दुर्गा आली नव्हती.

आणखी काही मुलं राहिली होती, त्यांच्यासाठी सिस्टर आठवड्यानं पुन्हा येणार होत्या. त्या आठवड्यात बाकीची सगळी झाली, कुणी उपकेंद्रावर जाऊन, कुणी शेजारच्या गावात. शेवटी एकटी दुर्गा उरली. वर्गात ती मान खाली घालून बसायची. एरवी ही मुलगी वर्गाची मुकादम, तिच्या परवानगीशिवाय कुणी पाणी प्यायला जात नसे. एकदा मधल्या सुट्टीत ती ओवीच्या अंगठ्यावरची पुसट होत चाललेली खूण बघत बसलेली दिसली.

सिस्टर यायच्या होत्या त्या सकाळी मी शाळेआधी गजाननभाऊंच्या वावरात गेले. दव अजून सुकलं नव्हतं, माझ्या साडीचा काठ पोटरीपर्यंत भिजून आंबट झाला. भाऊ, त्यांची बायको आणि दुर्गा, तिघं बाजारासाठी हरभरा उपटून जुड्या बांधत होते. भाऊंनी मला बांधावर पोतं पसरून दिलं. मी बसले नाही.

“भाऊ, मी भांडायला आले नाही,” मी म्हणाले.

“माहीत हाय मॅडम.” त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. “एकच पोरगी हाय मले. सात वर्सं वाट पाह्यली तवा झाली. त्याच्या आंधी दोन गेले, पोटातच. कोनी सांगे हे करा, कोनी सांगे थे करा, समदं केलं. आता कोनी म्हनते हे सुई चांगली, कोनी म्हनते वंगाळ. उद्या पोरीले मूल नाई झालं तं मी कोनाले इचारू? तुमाले?”

मी त्यांना अडाणी समजून आले होते आणि समोर तर एक घाबरलेला बाप उभा होता. मी म्हणाले, “मला विचारा. मी कुठं जाणार आहे? पण एक सांगते. माझ्या वेळी मला कुणी विचारलं नाही, घेतेस का म्हणून. विचारलं असतं ना भाऊ, तर मी धावत गेले असते.”

भाऊंनी खाली ठेवलेली जुडी पुन्हा उचलली. त्यांच्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला. तेवढ्यात दुर्गानं हातातली जुडी बांधावर ठेवली. “बाबा, मले टोचून घ्याचं हाय. ओवीनं घेतलं, रजियाभाभीच्या पोरींनी घेतलं. मंग मले काऊन नाई?”

“काम कर,” भाऊ म्हणाले.

मी परत निघाले. सिस्टर दहाला आल्या, अकरापर्यंत थांबल्या, साडेअकराला बॉक्सचं झाकण लावून उठल्या. त्यांना पुढं आणखी एक गाव करायचं होतं. आणि मी खिडकीतून पाहिलं तर पांदणीच्या वाटेनं दुर्गा येत होती, ताठ मानेनं, हात अजून चिखलाचे. तिच्या दहा पावलं मागं गजाननभाऊ, जणू सहज या वाटेनं आलेत.

सिस्टरनी दुर्गाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. “मॅडम, एका बाटलीत दहा डोस असतात. एकदा पावडरमध्ये पाणी मिसळलं की चार तासांत संपवावी लागते. पुढच्या गावात आज दोनच मुलं आहेत, बाकीचे डोस वाया जातील. एकीसाठी फोडू?”

सिस्टर स्वतःशीच हसल्या. “फोडते. एकपण सोडू नका म्हणून सांगितलंय आम्हाला.” त्यांनी बाटली फोडली. दुर्गानं डोळे घट्ट मिटले. भाऊ दाराबाहेर चपला न काढता उभे होते. सुई टोचून झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं असतं, तो अर्धा तास ते हलले नाहीत. मग आत आले, पोरीच्या कपाळावर हात ठेवून पाहिला आणि मला म्हणाले, “ताप नाई.” जाताना हरभऱ्याची एक जुडी टेबलावर ठेवून गेले.

मग वर्षं गेली. शिक्षकाच्या आयुष्यात वर्षं फार लवकर जातात, कारण समोरची मुलं दर वर्षी तेवढ्याच वयाची असतात. ओवी चौथीनंतर बुलढाण्याला कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत गेली. पहिल्या सोमवारी तिला सोडून खाली उतरताना बोथ्याच्या घाटात मी बसमध्ये रडले, आणि पुढच्या शनिवारी आणायला गेले तर तिला मैत्रिणींमधून उठायचंच नव्हतं. सासूबाईंनी शेवटच्या आजारपणात ओवीचा हात हातात घेऊन एकदा मला म्हटलं, “वांग्याचं नव्हतं ना गं ते?” मी नाही म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले. आमच्यात त्या विषयावर झालेलं तेवढंच बोलणं, पण मला पुरलं.

लसीबद्दल मी कधीमधी विचार करायचे. ज्वारी पेरली तर कणीस दिसतं, मुलाला शिकवलं तर निकाल लागतो. या सुईचा निकाल कुठं लागणार? काही झालं नाही, हाच तिचा निकाल. आणि ‘काही झालं नाही’ याला कोण गुलाल उधळतं? त्या दिवशी अंगठे मिरवणाऱ्या मुली मोठ्या होतील, संसार करतील, त्यांच्या घरी निरोगी बाळं येतील आणि कुणाला काही आठवणारही नाही. असंच व्हायला हवं, असं मी स्वतःला सांगायचे.

गेल्या वर्षी याच दिवसांत मात्र मला तो निकाल वाचायला मिळाला.

दुपारी वर्ग चालू असताना दुर्गाचा फोन आला. तिचं लग्न होऊन वर्ष झालं होतं, सासर नांदुऱ्याकडे. आवाज इतका बारीक की मी ओळखलाच नाही. “मॅडम, दुर्गा बोलून राह्यली. आमच्या जाऊबाईच्या पोराले पुरळ आलं व्हतं. दवाखान्यात रक्त तपासलं, थे म्हनतेत जर्मन गोवर हाय. त्याची सुई राहून गेलती.” मग ती थांबली. “म्या त्याले दोन दिवस कडेवर घेऊन हिंडली, मॅडम. मले तिसरा महिना चालू हाय.”

मी वर्गाबाहेर आले आणि व्हरांड्यातल्या खांबाला धरून उभी राहिले. पोटुशी बाईला ती लस देता येत नाही, हे मला माहीत होतं. आता काही करता येण्यासारखं नव्हतं. जे करायचं होतं ते सात वर्षांपूर्वी झालेलं असेल तर होतं, नाहीतर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बुलढाण्याला गेलो. दुर्गा, मी आणि गजाननभाऊ. घाटात थंडी वाजत होती, भाऊंनी आपला शेला काढून पोरीच्या अंगावर घातला आणि स्वतः आखडून बसले. डॉक्टर बाईंनी नीट समजावून सांगितलं. रक्ताच्या दोन तपासण्या. एक सांगते आजार आत्ता झालाय का, दुसरी सांगते शरीर आधीपासून त्याला ओळखतं का. रक्त बाहेर पाठवावं लागेल, चार-पाच दिवस लागतील.

ते दिवस दुर्गा माहेरीच होती. मी रोज शाळा सुटल्यावर जायचे. ती जेवत नव्हती. आई समोर ताट ठेवायची आणि उचलून न्यायची. एका संध्याकाळी ती मला म्हणाली, “मॅडम, ओवीसारखं झालं तं?” आणि लगेच तिनं जीभ चावली. “मॅडम, माह्या तोंडातून...”

मी तिचा हात धरला. “ओवीसारखं झालं तर मी आहे ना. मला शिकवता येतं. तेव्हा मला काही येत नव्हतं, आता सगळं येतं. आधी जेव.”

ती जेवली. घरी येताना मात्र मी स्वतःलाच विचारत होते. मी देवाकडे काय मागत होते? ओवीसारखं होऊ नये, हेच ना? आणि ओवी तर माझ्या जगण्यातला आनंद होती. दोन्ही खरं होतं. आईच्या मनात अशा दोन गोष्टी शेजारीशेजारी राहू शकतात, आणि त्यांचं भांडण लावायची गरज नसते, हे मला त्या पांदणीत चालताना कळलं.

पाचव्या दिवशी परत बुलढाणा. डॉक्टर बाईंनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. “आत्ताचा आजार दिसत नाही. आणि हिच्या रक्तात याच्याविरुद्धची ताकद आधीपासून आहे, चांगली आहे. दोन-तीन आठवड्यांनी खात्रीसाठी पुन्हा एकदा बघू. पण मला काळजी वाटत नाही.” मग दुर्गाला विचारलं, “लहानपणी लस घेतली होतीस का?”

दुर्गानं नुसती मान हलवली. खुर्चीच्या मागून गजाननभाऊंचा आवाज आला, खणखणीत. “हाव. म्याच नेलतं तिले.”

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. ते माझी नजर चुकवून भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे पाहत होते. दहा पावलं मागून का होईना, नेलं तर त्यांनीच होतं.

बसस्टँडवर भाऊंनी कचोऱ्या आणल्या. आम्हा तिघांपुरत्या नाही, मोठा पुडाच. शेजारच्या बाकावरच्या अनोळखी म्हातारीला दिली, कॉलेजच्या दोन पोरींना दिली, बस लागली तेव्हा कंडक्टरच्या हातात ठेवली. “काय झालं काका, कशाची?” त्यानं विचारलं. “पोरीचं रक्त पास झालं,” भाऊ म्हणाले. कंडक्टरला काही उमगलं नाही, पण त्यानं कचोरी खाल्ली आणि अभिनंदन केलं. घाट उतरताना बसच्या खिडकीतून खालचा सगळा मुलूख दिसत होता, हिरवा, हरभऱ्याचा आणि तुरीचा. त्यातल्या किती गावांत किती मुलींच्या दंडात ती सुई गेली असेल. किती जणींच्या दाराशी तो तीन दिवसांचा पाहुणा येऊन, आत जायला वाट न मिळून परत गेला असेल, त्यांना कळलंही नसेल. मला त्या सगळ्यांच्या वतीनं गुलाल उधळावासा वाटला. गुलाल नव्हता, म्हणून मी दुसरी कचोरी खाल्ली.

तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं, निकाल तोच आला. श्रावणात खामगावला दुर्गाला मुलगी झाली. डोळे टपोरे, स्वच्छ काळे. कानांची तपासणी झाली, दोन्ही उत्तम. जाऊबाईच्या मुलाची राहिलेली सुई दुर्गानं स्वतः बरोबर जाऊन देववली, आणि येताना सासरच्या गल्लीतल्या आणखी दोघांना धरून नेलं. मुकादमकी अजून गेलेली नाही.

या संक्रांतीला ती बाळाला घेऊन माहेरी आली आहे. पाच महिन्यांचं झालंय. ओवीही सुट्टीला घरी आलेली, यंदा दहावीला आहे, अभ्यासापेक्षा चित्रं जास्त काढते. काल दुपारी दुर्गा बाळाला घेऊन आमच्याकडे आली. मी अंगणात सूप घेऊन घाटे सोलत बसले होते. बाळाला चटईवर पालथं टाकलं, ते मान वर करून हरभऱ्याच्या पाल्याकडे हात नेत होतं.

ओवी त्याच्या मागे जाऊन बसली आणि तिनं टाळी वाजवली. बाळानं गर्रकन मान वळवली. ओवी सरकून दुसऱ्या बाजूला गेली, जरा लांब, आणि पुन्हा टाळी वाजवली. बाळ तिकडे वळलं. मग दारापाशी जाऊन वाजवली, अगदी हलकी. वाजली की नाही हे तिला स्वतःला कळायचा मार्ग एकच होता, बाळाची मान. ती वळली. ओवी खुदकन हसली.

दुर्गा माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत ते जुनं अपराधीपण होतं, जीभ चावली होती त्या संध्याकाळचं. ओवीनं ते पाहिलं. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. ती दुर्गाकडे वळून भराभर हातांनी काहीतरी बोलली.

“काय म्हने थे?” दुर्गानं मला विचारलं.

“ती म्हणते, ही तर शाळेत शेवटच्या बाकावर बसली तरी चालेल.”

दुर्गा हसायला लागली आणि हसताहसता तिनं पदर डोळ्यांना लावला. ओवीनं तिकडे लक्ष दिलं नाही. ती आता कुंपणापर्यंत गेली होती, जितकं लांब जाता येईल तितकं, आणि तिथून तिनं टाळीसाठी दोन्ही हात उंच नेले.